ओफिर पुरस्कार ज्याच्या नावाने देतात, तो शायके ओफिर कोण होता?

सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च चित्रपट पुरस्कारांचा सोहळा झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘द सी’, म्हणजे समुद्र. गोष्ट एका पॅलेस्टिनी मुलाची आहे. रामल्लाजवळच्या गावातला हा बारा वर्षांचा पोरगा शाळेच्या सहलीबरोबर आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला निघतो. तपासणी नाक्यावर त्याला अडवतात. मग तो एकटाच, चोरून, समुद्र शोधायला निघतो. ही भूमिका करणारा मुहम्मद गझावी तेव्हा तेरा वर्षांचा होता. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि हा मान मिळवणारा तो सगळ्यात लहान नट ठरला. लगेच सांस्कृतिक मंत्री मिकी झोहर यांनी या सोहळ्याला मिळणारे सरकारी पैसे बंद करण्याची घोषणा केली. बातमी जगभर फिरली.

त्या प्रत्येक बातमीत एक शब्द होता: ओफिर. ओफिर पुरस्कार, ओफिर सोहळा, ओफिर वाद. वाचणाऱ्याला वाटावं की हे एखाद्या संस्थेचं किंवा शहराचं नाव असेल. प्रत्यक्षात ते एका विनोदी नटाचं नाव आहे. तो १९८७ मध्ये वारला आणि त्याची सगळ्यात गाजलेली भूमिका आहे एका साध्या पोलीस शिपायाची, ज्याला वीस वर्षांत एकदाही बढती मिळाली नाही. हा माणूस समजून घेतला की आजचा वादही बराचसा उलगडतो. म्हणून हा लेख.

आधी पुरस्काराचं गणित

भारतात राष्ट्रीय पुरस्कार एक समिती ठरवते आणि ऑस्करला कोणता चित्रपट पाठवायचा ते फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची दुसरीच समिती ठरवते. ‘श्वास’ला २००४ मध्ये दोन्ही मान मिळाले, पण ते दोन निरनिराळे निर्णय होते. इस्रायलमध्ये हे दोन्ही एकाच मतदानात होतं. तिथल्या चित्रपट अकादमीत दिग्दर्शक, नट, लेखक, छायाचित्रकार, संकलक असे चित्रपट व्यवसायातले लोक सभासद आहेत. ते मतं देतात, आणि ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळतो तोच देशातर्फे ऑस्करला जातो. १९९० पासून हा रिवाज चालत आला आहे.

म्हणून ‘द सी’ जिंकल्याबरोबर बऱ्याचशा अरबी संवादांचा, एका पॅलेस्टिनी मुलाच्या नजरेतून सांगितलेला चित्रपट इस्रायलचा अधिकृत प्रतिनिधी झाला. मंत्र्यांच्या रागाचं कारण हेच. चित्रपटांना सरकारी पैसा मिळतो, पण तो वेगवेगळ्या निधी-संस्थांमार्फत वाटला जातो. कोणती पटकथा चांगली, हे मंत्री ठरवत नाहीत. आणि पुरस्कार कोणाला, हे तर मुळीच नाही.

गोल्डस्टाइनचा ओफिर कसा झाला?

शायके ओफिरचा जन्म ४ नोव्हेंबर १९२८ रोजी जेरुसलेममध्ये झाला. पाळण्यातलं नाव यशायाहू गोल्डस्टाइन. ‘शायके’ हे यशायाहूचं घरगुती रूप, आपल्याकडे पुरुषोत्तमचा पुरु व्हावा तसं. पण आडनाव का बदललं?

त्या काळी हिब्रू भाषा नव्याने बोलती होत होती, आणि जुनी जर्मन किंवा पोलिश वळणाची आडनावं टाकून हिब्रू आडनाव घ्यायची लाटच होती. गोल्डस्टाइनमध्ये सोनं आहे, आणि बायबलमध्ये ओफिर हा सोन्याचा देश आहे. राजा शलमोनाची जहाजं तिथून सोनं, चंदन आणि रत्नं आणत. थोडक्यात, आडनाव बदललं तरी त्यातलं सोनं हिब्रूत जसंच्या तसं राहिलं.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावं. बायबलमधला हा ओफिर नेमका कुठे होता, यावर दोन हजार वर्षं वाद चालला आहे. अरबस्तान, आफ्रिकेचा किनारा अशा अनेक जागा सुचवल्या गेल्या. त्यातच एक तर्क असा की ओफिर म्हणजे वसईजवळचं आपलं सोपारा, जुनं शूर्पारक बंदर. हे सिद्ध झालेलं नाही, अभ्यासकांनी मांडलेल्या अनेक शक्यतांपैकी ती एक आहे. पण नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये उभं राहून इस्रायली पुरस्काराची बातमी वाचताना हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

कान कुठे तयार झाला?

ओफिरचं घराणं पिढ्यानपिढ्या जेरुसलेममध्ये राहिलेलं. याचा अर्थ नीट समजून घेऊ. इस्रायल देश १९४८ मध्ये स्थापन झाला. त्याचे बहुतेक पुढारी युरोपातून आलेले होते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून जेरुसलेममध्ये ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती वस्त्या एकमेकींना लागून होत्या. ओफिरच्या लहानपणी तिथे इंग्रजांचं राज्य होतं. शाळेत हिब्रू, शेजारच्या घरात युरोपातून आलेल्या ज्यूंची यिद्दिश, बाजारात अरबी, स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांच्या तोंडी लादिनो आणि कचेरीत इंग्रजी. चाळीत वाढलेल्या मुलाला जशी गुजराती, कोकणी, भय्यांची हिंदी न शिकता येते, तसा त्याचा कान या सगळ्या आवाजांत तयार झाला.

पुढे ज्याला त्याची प्रतिभा म्हटलं गेलं, तिचं मूळ मला इथे दिसतं. माणूस कोणत्या भाषेत चिडतो, कोणत्या भाषेत हिशेब करतो, कोणत्या भाषेत देवाला हाक मारतो, हे त्याने पोरवयातच ऐकून ठेवलं होतं.

शाळा अर्धी टाकून तो तेल अवीवला हबिमा या नाटक मंडळीच्या अभिनय-शाळेत गेला. तीही अर्धी राहिली, कारण १९४८ चं युद्ध आलं आणि तो पालमाख या लढाऊ दलात दाखल झाला. वेढ्यात अडकलेल्या जेरुसलेमला रसद पोहोचवणाऱ्या वाहनांच्या तांड्यांबरोबर त्याने काम केलं. रात्री शेकोटीभोवती तो नकला करायचा. कोणीतरी ते पाहिलं आणि त्याला ‘चिझबात्रोन’मध्ये पाठवलं.

हे चिझबात्रोन म्हणजे दलाचं करमणूक पथक. नाव ‘चिझबात’ या शब्दावरून आलं. मूळ अरबी, अर्थ आपल्याकडच्या लोणकढी थापेचा: कॉफीचं भांडं शेकोटीवर ठेवून, खऱ्याच्या आवाजात सांगितलेली खोटी गोष्ट. ज्या दलाची लढाई अरबांशी चालली होती, त्याच्या करमणूक पथकाचं नाव अरबी शब्दावरून पडलं. पोरं गप्पा मारायची ती बोलीच तशी मिसळलेली होती.

लष्करी करमणूक पथकांची ही परंपरा पुढे फार वाढली. तिथे मुलामुलींना सक्तीची लष्करी सेवा असते आणि त्यातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची अशी पथकं बनत. देशातले पुढचे कित्येक गायक आणि नट यातूनच आले. ज्याला जग ‘फिडलर ऑन द रूफ’मुळे ओळखतं तो हैम टोपोलही अशाच एका पथकातला.

बोलण्याआधी गप्प बसायला शिकलेला नट

युद्धानंतर ओफिर तेल अवीवच्या कामेरी नाट्यगृहात होता. तिथून तो पॅरिसला गेला, एतिएन देक्रू यांच्याकडे. देक्रू म्हणजे आधुनिक मूकाभिनयाचे गुरू. पांढरा चेहरा रंगवून नसलेल्या भिंतीला हात लावणारा मार्सेल मार्सो हा त्यांचाच शिष्य.

मूकाभिनय म्हणजे शब्दांशिवाय केवळ शरीराने गोष्ट सांगणं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. देक्रू जे शिकवत ते याहून बारीक होतं. हार्मोनियमच्या पट्ट्या जशा सुट्या दाबता येतात, तसे शरीराचे भाग सुटे हलवायचे. मान वळेल पण खांदा जागचा हलणार नाही. छाती पुढे येईल पण कंबर तिथेच राहील. रोजच्या जगण्यात आपलं सगळं शरीर एकदम वळतं, म्हणून त्यातलं काही दिसत नाही. एकच भाग हलला की बघणाऱ्याला त्यातला विचार दिसतो. माणूस दाराकडे जाणार की नाही, हे पाय उचलण्याआधी मानेने सांगता येतं.

इस्रायलचा पहिला मूकाभिनेता म्हणून ओफिरची ओळख झाली. आणि मला वाटतं, पुढे त्याचा विनोद इतका हळुवार झाला त्याचं कारण हेच शिक्षण आहे. बहुतेक विनोदी नट आवाजाकडून शरीराकडे जातात. आधी विनोद बोलतात, मग तोंड वेडंवाकडं करतात. ओफिर उलट्या वाटेने आला. शरीराने माणूस उभा करायचा आणि मग, जणू नाइलाज म्हणून, त्याच्या तोंडी भाषा घालायची.

बुरेकास म्हणजे काय?

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. तो कळल्याशिवाय ओफिरची ती गाजलेली भूमिका, अझुलाय शिपाई, कळत नाही.

मे १९४८ मध्ये इस्रायलमध्ये सुमारे साडेसहा लाख ज्यू होते. १९५१ संपेपर्यंत जवळजवळ सात लाख नवे आले. म्हणजे घरात जेवढी माणसं, तेवढेच पाहुणे, आणि सगळे कायमचे राहायला. त्यांतले निम्मे युरोपातून आले, नाझींच्या छळातून वाचलेले. उरलेले इराक, येमेन, मोरोक्को, इराण, तुर्कस्तान अशा देशांतून.

इथे दोन शब्द लागतील. युरोपातून आलेले ते अश्केनाझी. अरब देशांतून आणि आशियातून आलेले ते मिझराही, म्हणजे शब्दशः ‘पूर्वेकडचे’. सत्ता, नोकऱ्या, विद्यापीठं, वर्तमानपत्रं अश्केनाझींच्या हाती होती. मिझराहींचा मोठा भाग आधी तंबूंच्या आणि पत्र्यांच्या छावण्यांत राहिला, मग दूर वाळवंटाच्या कडेला वसवलेल्या गावांत. त्यांची भाषा, गाणी, चालीरीती मागासलेल्या समजल्या गेल्या.

आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल मंडळींनी हे भोगलं आहे. पेणकर, रोहेकर, केहिमकर, अष्टमकर अशी गावांवरून आडनावं असलेली, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून इथे ‘शनिवार तेली’ म्हणवली गेलेली ही माणसं मोठ्या आशेने तिकडे गेली आणि बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा ठिकाणी स्थिरावली. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. लग्नाच्या वेळी आजी-पणजीपर्यंतची कुळी तपासायचे आदेश निघाले. अनेक आंदोलनांनंतर १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. या समाजाने तिथे मराठी जपली, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. म्हणून हा अश्केनाझी-मिझराही प्रश्न आपल्यालाही पूर्ण परका नाही. आपल्याच भाषेतली माणसं त्याच्या मधोमध सापडली होती.

या दरीवर १९६० आणि ७० च्या दशकांत जे विनोदी, रडवे, गल्लाभरू चित्रपट निघाले त्यांना नाव पडलं बुरेकास. बुरेकास म्हणजे चीज किंवा बटाटा भरलेला, तुर्कस्तान-बाल्कनकडून आलेला खुसखुशीत पदार्थ, रस्त्यावर मिळणारा. इटलीत बनलेल्या काउबॉयपटांना लोक ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हणू लागले होते, त्या चालीवर हे नाव. ठराविक गोष्ट अशी: गरीब मिझराही मुलगा, श्रीमंत अश्केनाझी मुलगी, दोन्हीकडचे तऱ्हेवाईक नातेवाईक, भांडण, नाच आणि शेवटी लग्न. समीक्षक नाकं मुरडत आणि लोक तिकिटाच्या रांगा लावत.

या धाटणीची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या ‘सल्लाह शबाती’पासून मानतात. दिग्दर्शक एफ्राइम किशोन, सल्लाहच्या भूमिकेत तिशीही न गाठलेला टोपोल. छावणीत राहणारा, बऱ्याच पोरांचा बाप असलेला एक मिझराही माणूस सरकारी घर मिळवण्यासाठी काय काय करतो, याची ही गोष्ट. देशाची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास असताना याची बारा लाखांच्या आसपास तिकिटं विकली गेली. ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला इस्रायली चित्रपट.

किशोन स्वतः बुडापेस्टचे. नाझींच्या छावण्यांतून वाचून १९४९ मध्ये आले तेव्हा त्यांना हिब्रू येत नव्हती. काही वर्षांत ते त्याच भाषेतले सगळ्यात लोकप्रिय विनोदी स्तंभलेखक झाले. सरकारी कारभाराची त्यांना उपजत जाण होती. त्यांच्या १९६९ च्या चित्रपटात वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला एक माणूस तेल अवीवचा भररस्ता खोदू लागतो, आणि प्रत्येक खात्याला वाटतं की हे दुसऱ्या खात्याचं मंजूर काम असणार. आपल्याकडच्या खोदलेल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. त्यात ओफिरने वाहतुकीच्या गोंधळात सापडलेला पोलीस केला होता. दोन वर्षांनी किशोनने त्याला पुन्हा वर्दी चढवली.

अझुलाय शिपाई

‘हशोतेर अझुलाय’, म्हणजे अझुलाय पोलीस, १९७१ मध्ये आला. इंग्रजी नाव ‘द पोलीसमन’.

अव्रहाम अझुलाय मोरोक्कोतून आलेला, याफोचा म्हणजे जाफाचा शिपाई. जाफा हे तेल अवीवला चिकटलेलं जुनं बंदर, अरब आणि गरीब मिझराही वस्तीचं. वीस वर्षं नोकरी झाली, बढती नाही. वरिष्ठांना तो मंद वाटतो. खरं तर तो मंद नाही. त्याला धर्मग्रंथ पाठ आहेत, त्यामुळे शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्या धार्मिक आंदोलकांशी तो लाठीऐवजी वचनांनी बोलतो. त्याला फ्रेंच येतं, म्हणून फ्रान्सचे पोलीस अधिकारी पाहणीला येतात तेव्हा हाच उपयोगी पडतो. माणसांवर दया करायची सवय तेवढी त्याला सुटत नाही, आणि पोलिसात ती अवगुण ठरते.

त्याच्या नोकरीची मुदत संपत येते. ही बातमी वस्तीतल्या चोरांना कळते आणि ते हादरतात. अझुलाय गेला तर त्याच्या जागी कोणी खरा कडक माणूस येईल! शिवाय त्यांचा त्याच्यावर जीवही आहे. मग ते ठरवतात की आपणच एक गुन्हा करायचा आणि तो अझुलायने पकडायचा, म्हणजे त्याला बढती मिळेल. एका मठात चोरी करायचं ठरतं. अझुलाय खरोखरच ती पकडतो. बढती मिळते. पण निवृत्तीचे कागद त्याआधीच तयार झालेले असतात, आणि ते कोणी मागे घेत नाही.

शेवटच्या प्रसंगात तो नव्या हुद्द्याच्या वर्दीत सलामी देतो. हात कपाळाशी ताठ, चेहरा स्थिर, आणि फक्त डोळे भरतात. देक्रूंनी शिकवलेला एकच सुटा भाग हलवण्याचा धडा इतक्या परिणामकारकपणे वापरलेला मी दुसऱ्या कुठल्या विनोदी चित्रपटात पाहिलेला नाही.

या चित्रपटाला परदेशी चित्रपटासाठीचा गोल्डन ग्लोब मिळाला आणि ऑस्करचं नामांकनही. इस्रायलमध्ये आजही भाबड्या, मऊ पोलिसाला ‘अझुलाय’ म्हटलेलं लगेच कळतं.

आक्षेप पहिला: मोरोक्कोचा शिपाई मोरोक्कोच्याच नटाने का नाही केला?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. टोपोल अश्केनाझी, ओफिर मुख्यतः अश्केनाझी घरातला, किशोन हंगेरीचे. मिझराहींच्या दोन सगळ्यात गाजलेल्या पडद्यावरच्या प्रतिमा अशा दुसऱ्यांनी घडवल्या. इराकी ज्यू घराण्यातल्या अभ्यासक एला शोहात यांनी हे फार परखडपणे मांडलं आहे: या चित्रपटांतला मिझराही माणूस प्रेमळ, आळशी, भोळा असतो, आणि शेवटच्या लग्नात दोन समाज एक होतात तेव्हा खऱ्या विषमतेचा प्रश्न झाकला जातो.

तारखाच बघा. १९७१ मध्ये पडद्यावर मोरोक्कोचा भला शिपाई आला, आणि त्याच वर्षी जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतले मोरोक्कन तरुण, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीचं नाव घेऊन, ‘ब्लॅक पँथर्स’ म्हणून रस्त्यावर उतरले. मे महिन्यात पोलिसांशी त्यांची मोठी चकमक झाली. चित्रपटगृहातला पोलीस आणि बाहेरचा पोलीस यांत केवढं अंतर होतं!

तरीही मला ओफिरचा अझुलाय ‘सल्लाह’पेक्षा वेगळा वाटतो. आपण हसतो ते अझुलायच्या उच्चारांना नाही. हसू येतं ते यामुळे, की पोलीस खात्याच्या पुस्तकात जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवणारा खात्यात हा एकटाच आहे. वरिष्ठ त्याच्याशी ज्या सुरात बोलतात तो सूर प्रेक्षकाला टोचत राहतो. हे लिहिण्यात आहेच, पण ते सांभाळलं ओफिरने. अझुलायला त्याने एकदाही केविलवाणं होऊ दिलं नाही.

आणि तो तिथेच थांबला नाही. १९७३ मध्ये त्याने मोशे मिझराही या दिग्दर्शकाबरोबर काम केलं. हे अलेक्झांड्रियात जन्मलेले, म्हणजे आडनावाने आणि जन्मानेही पूर्वेकडचे. त्यांच्या ‘हाऊस ऑन शलूश स्ट्रीट’मध्ये इजिप्तहून आलेल्या कुटुंबाची गोष्ट बुरेकासच्या भडक रंगांशिवाय सांगितली आहे. त्यात गिला अलमागोरबरोबर ओफिर होता, आणि तोही ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्याच वर्षीच्या ‘अबू एल बनात’मध्ये, म्हणजे ‘मुलींचा बाप’मध्ये, तो आठ मुलींचा बाप झाला, मुलासाठी आसुसलेला. हा चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

आक्षेप दुसरा: एवढ्या मोठ्या पुरस्काराला विनोदी नटाचं नाव?

आपल्याकडे पुरस्कारांना संस्थापकांची, दिग्दर्शकांची नावं देतात. विनोदी नटाला लोक प्रेम देतात, मान नंतर. इस्रायलमध्ये हे नाव पटायला सोपं गेलं असावं, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण भाषेत आहे.

जो देश शंभर भाषांच्या माणसांनी एका नव्याने जिवंत केलेल्या भाषेत उभा राहिला, तिथे प्रत्येकाच्या जिभेवर जुन्या घराची चव होती. शाळा ती पुसायला बघत होती. मुलं आईबापांच्या उच्चारांची लाज बाळगत. अशा वेळी सगळे उच्चार सन्मानाने रंगमंचावर आणणारा माणूस हा केवळ नकलाकार राहत नाही. ओफिरने युद्धकाळातलं करमणूक पथक, नाटक, मूकाभिनय, एकपात्री प्रयोग, दूरचित्रवाणी आणि पंचवीसहून अधिक चित्रपट असं सगळं केलं. लोकांनी त्यात आपापली आजी, आपापला दुकानदार, आपापला कारकून ऐकला.

शैक्षणिक दूरचित्रवाणीवर अरबी शिकवणाऱ्या मालिकेतही तो होता. हिब्रू बोलणाऱ्या घरांत अरबी ही शत्रूची भाषा समजली जात असताना एक आवडता विनोदी नट ती हसतखेळत शिकवतोय! मला त्याच्या कामातलं हे फार मोलाचं वाटतं, आणि परदेशी लेखांत याचाच उल्लेख सगळ्यात कमी सापडतो. २०१८ च्या कायद्याने इस्रायलमध्ये अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा गेला, तेव्हा देशाचे एक पंचमांश नागरिक अरब होते.

१७ ऑगस्ट १९८७ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ओफिर गेला. वय अवघं अठ्ठावन्न.

त्याच्या नावाने मिळालेले पुरस्कार काय सांगतात?

२००७ चं उदाहरण घ्या. ‘द बँड्स व्हिजिट’मध्ये इजिप्तच्या पोलिसांचं वाद्यवृंद पथक चुकून वाळवंटातल्या एका भलत्याच इस्रायली गावात पोहोचतं. इजिप्शियनांना हिब्रू येत नाही, गावकऱ्यांना अरबी जेमतेम. मग दोघे मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात, जशी तामिळ आणि पंजाबी माणसं आगगाडीत बोलतील तशी. त्याला आठ ओफिर मिळाले. पण ऑस्करच्या परभाषी विभागाचा नियम होता की निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत नकोत. मोजणी झाली, इंग्रजी जास्त भरली आणि चित्रपट बाद झाला. त्याच्या जागी ‘बोफोर’ गेला आणि नामांकन मिळवून आला.

२००९ मध्ये ‘अजामी’ जिंकला. एक पॅलेस्टिनी आणि एक ज्यू अशा दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला, बहुतांश अरबीत. अजामी हा जाफातला भाग, अझुलाय शिपाई जिथे फिरायचा त्याच जाफातला. २०१६ मध्ये बेदुइन, म्हणजे वाळवंटी अरब जमातीतल्या बायकांवरचा अरबी ‘सँड स्टॉर्म’ जिंकला. २०१७ मध्ये ‘फॉक्सट्रॉट’ जिंकला, आणि तेव्हाच्या सांस्कृतिक मंत्री मिरी रेगेव यांनी तो लष्कराची बदनामी करतो म्हणून जोरदार टीका केली. म्हणजे २०२५ चा वाद आभाळातून पडलेला नाही. अकादमीचे सभासद आणि सरकार यांच्यात देशाचा आवाज कोणता, यावर गेली कित्येक वर्षं ओढाताण चालू आहे.

आक्षेप तिसरा: गाझात माणसं मरत असताना एका विनोदी नटाबद्दल का वाचायचं?

‘द सी’ जिंकला तेव्हा गाझातलं युद्ध चालू होतं, हजारो मुलं मारली गेली होती, आणि इस्रायली चित्रपटसंस्थांशी काम न करण्याच्या जाहीर पत्रकावर जगातल्या अनेक चित्रपट-कलावंतांनी सह्या केल्या होत्या. अशा वेळी कोणी म्हणालं की मला यातलं काहीच ऐकायचं नाही, तर त्याचं मन मला समजतं.

माझं म्हणणं एवढंच, की एका पुरस्काराने सगळ्या देशाचं पाप धुतलं जात नाही, आणि कोणी तसा दावा करत असेल तर तो मान्य करू नये. पण त्या रात्री तेरा वर्षांच्या एका अरब मुलाला मतं देणारे बहुसंख्य इस्रायली ज्यूच होते, आणि त्यांच्या सरकारने त्यांना त्याची शिक्षा द्यायचं ठरवलं. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच आठवड्यात झाल्या. पहिली वगळली तरी चित्र खोटं, दुसरी वगळली तरी खोटं. ओफिरच्या अझुलायला हा पेच ओळखीचा वाटला असता. त्यालाही खात्याने बढती आणि निवृत्ती एकाच दिवशी दिली होती.

कुठून सुरुवात करावी?

‘द पोलीसमन’पासून. इंग्रजी उपशीर्षकांसह शोधलात तर मिळतो. पहिली दहा मिनिटं आवाज बंद करून बघा. तो चालतो कसा, टोपी सरळ कशी करतो, वरिष्ठ खोलीत येण्याआधीच त्याची पाठ कशी बदलते, हे नीट दिसेल. मग मागे जाऊन तीच दहा मिनिटं आवाजासह. हिब्रू कळायची गरज नाही. वरिष्ठाची हिब्रू आणि अझुलायची हिब्रू सारखी वाजत नाही, एवढं दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापर्यंत आपल्या कानाला उमगतं.